कुंदा पगारेची ढोलकी कोणी पुसली?

कुंदा पगारे या बाईवर अन्याय झाला. साल २००३, जयंतीच्या आधीचा रविवार, सकाळी साडेदहाची वेळ. सातपूरला आपल्या समाजमंदिरासमोर निळे झेंडे लावलेल्या उत्सव समितीच्या मांडवात कॅसेटचं प्रकाशन झालं. सहा गाणी. सहाही गाण्यांमागचं वाजवणं तिचं. ढोलकी, टाळ, पेटी, बासरी, सगळं. कव्हरवर गायकांची नावं होती, कवीचं होतं, निर्मात्याचं होतं, गाडीची सोय करणाऱ्याचे आभारसुद्धा होते. 'संगीत संयोजन' या शब्दांपुढे मात्र अशा एका पुरुषाचं नाव होतं, ज्यानं त्या गाण्यांसाठी एक पट्टीही दाबलेली नव्हती. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. त्याचं पुष्कळ छापून झालंय.

हीच वाक्यं मी तेव्हा पत्रकातही लिहिली होती, कुंदाताई, थोडी जास्त ओरडून. ती तू वाचलीस. पण त्याच महिन्यात तुझ्यावर आणखी एक अन्याय झाला आणि तो कुठल्याही पत्रकात नाही. तो करणारी मी. सहा वर्षं मी तो कुणाला सांगितला नाही. तुला जाऊन आज आठ दिवस झाले.

उत्सव समितीचे मोरेकाका परवा घरी आले. म्हणाले, "वैशाली, पुण्यानुमोदनाच्या दिवशी वाटायला एक पान लिहून दे. जन्म, शिक्षण, नोकरी. स्वभाव मनमिळाऊ होता, असं घाल."

मी म्हटलं, "ती मनमिळाऊ नव्हती, काका."

"अगं, सगळ्यांचंच लिहितात तसं."

मी हो म्हटलं. त्यांना चहा दिला. कप विसळून पालथे घातले. मला रडू येत नाही, ताई. लोक माझ्याकडे बघतात आणि मी काहीतरी आवरायला घेते. तुझ्या खोलीतल्या वायरी मी गुंडाळल्या, प्रत्येकीला दोरा बांधला, पिशवीत भरल्या, मग पुन्हा सोडवून गुंडाळल्या. असं काहीतरी होत राहील असं वाटलं होतं, पण काहीच होत नाही. म्हणून लिहितेय. लिहिणं मला येतं, म्हणजे पत्रक लिहिणं येतं. तुला ते कधी आवडलं नाही.

आपली ओळखच पत्रकावरून झाली. २००२ साल. मी अठरा वर्षांची, संघटनेत नवी, घराघरांत पत्रकं वाटत फिरत होते. सातपूरच्या छोट्या वर्कशॉपांत मोटरच्या कॉइल गुंडाळणाऱ्या बायकांना साधी बसायला नीट जागा नाही, असा विषय होता. तू त्याच बायकांतली. दिवसभर तांब्याच्या तारेचे वेढे मोजायचीस. मी दारात उभी राहून तुलाच तुझ्या हालअपेष्टा सांगत होते. तू ऐकून घेतलंस, पत्रक हातात घेतलंस, उलटं केलंस, पाठकोरं आहे बघून खूश झालीस आणि भिंतीला टेकवून त्यावर आकडे लिहायला लागलीस.

"वाचा ना," मी म्हटलं.

"वाचते. आधी हे विसरेन मी." आणि आतून कुठूनतरी ढोलकी वाजत होती, तिच्याकडे कान देऊन तू म्हणालीस, "ऐक, ही थाप लवकर पडतेय का?"

मला काही कळलं नाही. मी म्हटलं, "आत कोण वाजवतंय?"

"कुणी नाही."

आत खरंच कुणी नव्हतं. टेबलावर एक राखाडी कॉम्प्युटर होता, कीबोर्डच्या पोटातच अख्खं मशीन. मुंबईच्या कुठल्याशा स्टुडिओनं जुना म्हणून काढून टाकलेला, ऑर्केस्ट्रातल्या एका वादकाच्या हातून फिरत फिरत ९६ साली तुझ्याकडे आलेला. त्याला पडदा म्हणून आप्पांचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही जोडलेला. बाजूला एक वाजवायचा कीबोर्ड, त्याच्या चार पट्ट्या मेलेल्या. दोघांमध्ये एक काळी वायर. क्रिकेटची मॅच असली की शेजारचे टीव्ही मागायला यायचे आणि तुझं संगीत दिवसभर बंद. तू चिडून म्हणायचीस, "माझी अख्खी पार्टी आउट झाली."

त्या वायरीचं तू मला पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलंस. मिडी म्हणतात, म्हणालीस. मला वाटलं, वायरीतून आवाज जातो. तू म्हणालीस, "आवाज नाही जात गं. नुसतं सांगणं जातं. ही पट्टी दाब, एवढ्या जोरात दाब, आता सोड. बस. आवाज काढायचा तो कीबोर्डनं." आणि सीक्वेन्सर म्हणजे ते सगळं सांगणं ओळीनं मांडून ठेवणारा प्रोग्रॅम. टीव्हीवर आकड्यांच्या रांगाच रांगा. एका मात्रेचे एकशे ब्याण्णव तुकडे. त्यातल्या कितव्या तुकड्यावर कुठला ठोका पडायचा, ते तू हातानं भरायचीस. कीबोर्डात ढोलकी नव्हती. परदेशी बनावटीचा तो, त्याला आपली वाद्यं काय माहीत. तू त्याच्यातल्या बोंगोचा सूर खाली उतरवून, घासून घासून त्याची ढोलकी केलीस. वेढे मोजून सवय झाली, म्हणायचीस, मला आकड्यांचा कंटाळा येत नाही.

मी तेव्हा मनात म्हटलं, हे काही खरं संगीत नाही. हे टायपिंग आहे. मी तसं बोललेही. तू म्हणालीस, "आणि तुझी पत्रकं म्हणजे काय, क्रांती?"

त्या दिवसापासून मी पुढारीणबाई झाले. "आल्या पुढारीणबाई. चप्पल बाहेर, घोषणा बाहेर."

वीज कधी जाईल याचा भरवसा नव्हता, आणि त्या मशीनच्या पोटात काही राहायचं नाही. लाइट गेली की सगळं पुसलं. म्हणून आठ मात्रा झाल्या की फ्लॉपीवर उतरवायच्या, हा तुझा नियम. मध्ये कुणी बोलायचं नाही. ड्राइव्ह कुर्र कुर्र वाजायचा, तू एक हात वर करून बसायचीस, आवाज थांबला की हात खाली, मग बोला. मला तो हात अजून दिसतो. तो वर आहे तोपर्यंत मी गप्प.

फ्लॉप्यांवर तू कागद चिकटवायची नाहीस. एकदा एक कागद सुटून ड्राइव्हमध्ये अडकला होता, तेव्हापासून बंद. कोपऱ्यावर नेलपॉलिशचा ठिपका. लाल म्हणजे लग्नाची गाणी, गुलाबी म्हणजे शाळेची गॅदरिंगं. आणि एक हिरवा. हिरवं नेलपॉलिश तू खास शोधून आणलं होतंस आणि तुझ्या नखांना मी ते कधी बघितलं नाही.

हिरव्या ठिपक्याच्या फ्लॉपीत आप्पा होते.

आप्पांना मी बघितलं नाही. तुझे वडील, इगतपुरीकडचे, सातपूरला कंपनीत हेल्पर, आणि गायन पार्टीत ढोलकी. तू सांगितलंस ते असं. तुझी कॉम्प्युटरची ढोलकी ऐकून ते पहिल्यांदा म्हणाले, "मशीनला घाई लय. वाट बघत नाय ते." तू म्हणालीस, काय वाट बघायची, सांगा. त्यांना सांगता येईना. मग तू त्यांना कीबोर्डासमोर बसवलंस. दोन पट्ट्यांवर दोन बोटं ठेवायला लावलीस. ते हसले, "ही काय ढोलकी हाय व्हय? ही तर डोअरबेल." पण वाजवलं. दुपारभर वाजवलं, दोन बोटांनी, प्रत्येक चाल. आणि सीक्वेन्सरनं लिहून घेतलं, प्रत्येक ठोका कितव्या तुकड्यावर पडला आणि किती जोरात. आवाज नाही घेतला. नुसता हात घेतला. नंतर तू रांगा बघितल्यास तर तिसरी थाप दर वेळी थोडी मागे. आणि दर वेळी वेगवेगळी मागे. कधी नऊ तुकडे, कधी चौदा, कधी सहा. गाणारा श्वास घेतो तिथे जास्त.

"हे कुणाला शिकवता येत नाही," तू मला म्हणालीस. "त्यांनाही माहीत नव्हतं ते असं करतात म्हणून."

पुढच्या वर्षी आप्पा गेले. कॅसेटच्या सहाही गाण्यांत तोच हात होता. आकडे उचलून तू गाण्यांत बसवले होतेस, एकेक. ती गाणीही त्याच हिरव्या ठिपक्याच्या फ्लॉपीत होती.

रेकॉर्डिंगला तू मशीन, टीव्ही, कीबोर्ड सगळं रिक्षात घालून मेनरोडला कॅसेट काढणाऱ्या कंपनीत नेलंस. सहा गाणी वाजवून दिलीस, गायक त्यावर गायले. त्या फ्लॉपीची एकुलती एक कॉपी त्यांनी ठेवून घेतली. नंतर कॅसेट आली, आणि तुझं नाव नाही. तू विचारायला गेलीस, मी बरोबर होते. काउंटरमागचा माणूस म्हणाला, "ताई, वाजवलं कॉम्प्युटरनं. तुम्ही काय केलं? बटण दाबलं. बटण दाबणाऱ्याचं नाव छापत नाहीत."

तू म्हणालीस, "मग ज्याचं छापलंय त्यानं कुठलं बटण दाबलं?"

"ते आमचे नेहमीचे आहेत."

आणि आमची कॉपी परत द्या म्हटलं तर म्हणाला, आमच्याकडे असलं काही नाही.

बाहेर आल्यावर मी त्याला शिव्या घालत होते. तू उसाचा रस प्यायलीस. मला वाटलं, हिला काही वाटतच नाही. आज मला स्वतःला काही वाटत नाही तेव्हा कळतंय की तसं नसतं.

मी त्याच दिवशी पत्रक लिहिलं. आणून तुला वाचून दाखवलं. 'कष्टकरी भगिनीच्या श्रमाची उघड लूट', 'पुरुषी मक्तेदारी', 'शोषित कलावंत', सगळं होतं त्यात. तू शेवटपर्यंत ऐकलंस आणि म्हणालीस, "हे छापू नकोस."

"का? घाबरतेस?"

"यात ढोलकी कुठेय?"

"ताई, मुद्दा अन्यायाचा आहे."

"तुझा आहे. माझा ढोलकीचा आहे. या कागदात मी नुसती बिचारी दिसते. माझं नाव येईल, पण बिचारी म्हणून येईल. संगीत म्हणून येऊ दे, नाहीतर नको."

मी खूप बोलले. तुझ्यासारख्या बायकांमुळेच हे फावतं, असं म्हणाले. हे वाक्य मी खरंच म्हणाले आणि तू खरंच ऐकून घेतलंस. मग शांतपणे म्हणालीस, समितीसमोर बसते मी. मशीन घेऊन जाते. एकेक वाद्य बंद करून, उघडून दाखवते. आप्पांचा मूळ हात दाखवते, तो गाण्यात कसा बसवला ते दाखवते. कव्हरवर नाव छापलेल्या त्या माणसालाही बोलवा, त्यानं त्यातला एक ठोका मागे-पुढे करून दाखवावा. मग छापायचं ते छापा.

यापेक्षा चांगली मागणी मी आजवर कुठल्या मोर्चात ऐकलेली नाही. मोरेकाका समितीत होते, ते तयार झाले. बुधवारी संध्याकाळी सहाला बैठक ठरली. आणि मी ठरवलं की बैठकीच्या दारात माझं पत्रक वाटायचंच. तुला न विचारता.

आता ऐक. ऐका सगळेच.

मंगळवारी दुपारच्या सुट्टीत तू घरी आली होतीस, मीही तिथे होते. पत्रक संघटनेच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर टाइप करून प्रेसला न्यायचं होतं, त्यासाठी फ्लॉपी हवी होती. तू आत चहा टाकत होतीस. मी डब्यातून एक उचलली. कागद चिकटवलेला नाही म्हणजे कोरी, असं मी स्वतःला सांगितलं. ठिपका मला दिसला. हेही आज लिहिते. ठिपका दिसला आणि मी न बघितल्यासारखं केलं. मला घाई होती. मी चांगलं काम करायला निघाले होते.

सव्वातीन वाजता शालिमारला ऑफिसात फ्लॉपी घातली. कॉम्प्युटर म्हणाला, हिच्यावर लिहिता येणार नाही. फ्लॉपीच्या कोपऱ्यात एक बारीक खिडकी असते. ती उघडी ठेवली की आतलं सुरक्षित राहतं. तू भरलेल्या फ्लॉपीची खिडकी नेहमी उघडी ठेवायचीस. ती मी नखानं बंद केली. मग कॉम्प्युटर म्हणाला, ही फ्लॉपी वाचता येत नाही, नव्यानं तयार करू का? तुझं मशीन वेगळं, आमचं वेगळं. त्याला तुझं लिहिलेलं कळतच नव्हतं. मी हो म्हटलं. दोनदा विचारलं त्या यंत्रानं. माझ्या जागी तू असतीस तर एकदा विचारणंही पुरलं असतं.

पाऊण पान पत्रक मावलं. प्रेसला दिलं, पाचशे प्रती. आणि बुधवारी सकाळी, तू वर्कशॉपला जायच्या गडबडीत असताना, फ्लॉपी डब्यात जागच्या जागी ठेवून दिली.

संध्याकाळी समाजमंदिरात तीसेक माणसं होती. तू टीव्ही मांडलास, वायरी लावल्यास. आप्पांचा मोठा पिवळा रुमाल टेबलावर पसरला होतास. तो माणूसही आला होता, पांढराशुभ्र शर्ट, दोन मित्र बरोबर. माझ्या मांडीवर पत्रकांचा गठ्ठा.

"हां बाई, दाखवा," मोरेकाका म्हणाले.

तू हिरव्या ठिपक्याची फ्लॉपी घातलीस आणि हात वर केलास. सगळे गप्प झाले. ड्राइव्ह वाजला, थांबला, पुन्हा वाजला. टीव्हीवर काहीतरी आलं. तू फ्लॉपी काढलीस, पुसलीस, परत घातलीस. तसंच. तिसऱ्यांदा घातलीस.

तो माणूस मागून म्हणाला, "मशीन रुसलं वाटतं! आमच्याकडे हाडामांसाचा ढोलकीवाला आहे, पाठवू का?"

लोक हसले. आपलेच लोक. नावं घेत नाही, पण या कागदाच्या वाचकांत तुम्ही आहात.

तू फ्लॉपी हातात घेऊन उलटी केलीस. खिडकी बघितलीस. बंद. तू ती कधीच बंद करत नसायचीस, आणि त्या डब्याला तुझ्याशिवाय एकाच माणसाचा हात लागायचा. तू मान वर करून माझ्याकडे बघितलंस. रागानं नाही. नुसतं बघितलंस, टीव्हीवरची ओळ वाचावी तसं. माझ्या मांडीवरच्या गठ्ठ्याकडे बघितलंस. मग मोरेकाकांना म्हणालीस, "फ्लॉपी खराब झालीय."

"दुसरी असेल की."

"नाही."

"मग आता कसं करायचं?"

"काय करायचं? चहा घ्या."

मी तिथे उठून उभी राहायला हवं होतं. एवढंच करायचं होतं. सातपूर नाक्यावर, कलेक्टर ऑफिससमोर, कुठेही मी उभी राहते आणि बोलते. मला त्यासाठीच ओळखतात. त्या संध्याकाळी मी गठ्ठा पदरानं झाकला. बैठक पंधरा मिनिटांत आटोपली. निर्णय असा झाला की पुरावा नाही, सबब विषय बंद.

रिक्षात टीव्ही तुझ्या मांडीवर, मशीन माझ्या. उतरताना म्हणालीस, "किती छापलीस?"

"पाचशे."

"एका बाजूनंच ना?"

"हो."

"आण मग इकडे. आकडे लिहायला होतील."

आणि तू ती वापरलीस. सहा वर्षं. मी यायचे, तुझ्याकडे भजी खायचे, आमच्या पथनाट्याला तुझ्याकडून चाल बांधून घ्यायचे, मोर्च्याच्या गप्पा मारायचे, आणि तू माझ्या पत्रकांच्या पाठीवर आकडे लिहीत बसलेली असायचीस. कसले, ते मी विचारलं नाही. तू मला कधी काही म्हणाली नाहीस. एकदाच, दोन वर्षांपूर्वी, दुपारी लोडशेडिंग चालू होतं आणि आपण दोघी वारा घालत बसलो होतो, तेव्हा तू म्हणालीस, "तुझं लिहिणं सुधारलंय हां. पण एक बघितलंस का? त्यांनी हे केलं, त्यांनी ते केलं. तू कधी काही करतच नाहीस."

मी हसले. म्हटलं, "पत्रकात आपलं कशाला आणायचं?"

"बरोबर आहे," तू म्हणालीस. "नको आणूस."

तेव्हा सांगता आलं असतं. डायलिसिसला बरोबर येत होते तेव्हाही. बसमध्ये शेजारी शेजारी बसायचो, पाऊण तास. एकदा मी सुरुवात केलीही : "ताई, त्या फ्लॉपीचं..." तू खिडकीतून बाहेर बघत म्हणालीस, "मशीन भंगारात देऊ नको हां माझ्यामागे. टीव्ही दे, तो गेलाच आहे." मी म्हटलं, असं नको बोलू. विषय गेला. तू तो मुद्दाम घालवलास की तुला ऐकूच आलं नाही, हे मला आता कोण सांगणार? तू गेलीस त्या सकाळी मी नाक्यावर पत्रकं वाटत होते. कशाची, ते बघावं लागेल.

परवा तुझी खोली आवरताना पत्र्याच्या पेटीत तो गठ्ठा मिळाला. पुढच्या बाजूला 'कष्टकरी भगिनीच्या श्रमाची उघड लूट', मागच्या बाजूला तुझं अक्षर. तू कॅसेट ऐकून ऐकून आप्पांचा हात परत लिहायला बघत होतीस. तिसरी थाप, नऊ. तिसरी थाप, अकरा. समोर शेरा : लवकर. लवकर. फार उशीर. लवकर. कॅसेटवर गायकांचा आवाज वर चढवलेला, टेप ताणलेली, त्यातून तुकडे मोजायचे कसे? तरी तू मोजलेस. चारशेच्या वर कागद भरलेत. एका ठिकाणी 'जवळ' असं लिहिलंय, आणि खाली, वेगळ्या पेननं, बहुधा दुसऱ्या दिवशी, 'नाही'.

ते सगळे कागद मी ओळीनं लावले. लावताना मला काही वाटलं नाही. नंतर जेवायला बसले तर हातात घास तसाच धरून किती वेळ बसले होते, ते आईनं सांगितलं.

तुझ्याकडून मी काय शिकले, हे लिहायची पद्धत असते. मी एवढंच लिहीन की एखाद्या गोष्टीत कोण आहे ते आधी ऐकायचं आणि मग बोलायचं, हे तू मला शिकवत होतीस आणि मी शिकले नाही. तरी तू दार उघडत राहिलीस. त्याला काय म्हणायचं, मला माहीत नाही. माफी म्हणायला मी ती मागितली नव्हती. तू मला सांभाळून घेतलंस, ताई, भर सभेत, तुझं स्वतःचं नाव देऊन टाकून. मी ते घेतलं. सहा वर्षं वापरलं.

आता तुमच्याशी बोलते, हा कागद हातात धरलेल्यांशी. मोरेकाका, तुमच्याशीही. त्या बुधवारी पुरावा नव्हता, कारण तो मी पुसला होता. कुंदा पगारे खोटी नव्हती. त्या निर्णयाला आता आधार उरलेला नाही, तो समितीनं रविवारी सगळ्यांसमोर मागे घ्यावा. माझं काय करायचं ते त्यानंतर ठरवा, मी तिथेच उभी असेन.

आणि बाकीच्यांनो, तुमच्यातल्या निम्म्या घरांत ती कॅसेट आहे. जयंतीला तुम्ही तिच्यावर नाचता, मी बघितलंय. हार नको, फुलं नको, 'मनमिळाऊ' नको. रविवारी पुण्यानुमोदनाला येताना ती कॅसेट घेऊन या. कव्हर बाहेर काढा, 'संगीत संयोजन' च्या पुढचं नाव खोडा, आणि तुमच्या हातानं लिहा : कुंदा पगारे. त्याखाली लिहा : ढोलकीचा हात, आप्पा पगारे. पेन घरून आणा.